अमावस्येचा शनिवार

झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही सातच जण होतो, आणि फळ्यापुढे खडू घेऊन कायम मी उभी. कुणी दिला नव्हता हो तो खडू मला, मीच उचलायचे. बाकावर बसवतच नसे. कुणी बोलताना अडखळलं की माझ्या पायांना मुंग्या यायच्या. वाटायचं, बाई गं, ह्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. आणि बऱ्याचदा टाकायचेही. आई म्हणायची, तुझ्या पायाला भिंगरी आहे. पायाला असती तर एवढं बिघडलं नसतं, ती जिभेलाही होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाबांच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड पनवेलला होतं आणि जूनमध्ये बाबांची बदली अकोल्याला होणार हे ठरल्यासारखंच होतं. परीक्षा संपली की मलाही गाशा गुंडाळून त्यांच्याबरोबर जायचं होतं. अकोल्याला जाऊन मी काय करणार? आत्याने दोन स्थळं हेरून ठेवली होती, एवढं मला माहीत होतं. मुंबईत नोकरी मिळाली तर मावशीकडे राहू द्यायला बाबा तयार होते. नोकरी नाही तर अकोला, इतकं साधं गणित होतं. त्या वर्षी मी रात्रंदिवस त्या एकाच विचाराने नुसती फिरत होते. वडाळे तळ्याला चक्कर मार, उरण नाक्यापर्यंत जाऊन परत ये, पुन्हा घरात येऊन पंखा चालू-बंद कर. आईला अगदी नकोसं करून सोडलं होतं मी.

सेमिनारचा पेपर दरवर्षी सर आखायचे. विषय त्यांचे, क्रम त्यांचा, आम्ही फक्त पुस्तकातून उतरवून वाचायचं. आमच्या वर्षी जानेवारीत सर वर्गात आले, मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "यंदा मी काही ठरवणार नाही. आठ शनिवार आहेत. विषय तुम्ही निवडा, बोलणारे तुम्ही ठरवा, बाहेरचं कुणी बोलवायचं तर तेही तुम्हीच बोलवा. अट एकच. कागदावर सातही जणांच्या सह्या झाल्या की आराखडा पक्का. एकाची जरी सही राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून."

मी केव्हाच फळ्याशी पोचले होते.

विषय ठरायला फार वेळ लागला नाही. खाडी. पनवेलात राहून दुसरं काय घेणार? आठ शनिवार, खाडीतली आठ प्रकरणं, कुणातरी एकाला दोन. सर म्हणाले, एकेक जण सांगा काय घेणार ते. पहिल्यांदा बोलली ती माझी मैत्रीण. ती उरणच्या रस्त्यावरच्या एका गावातली. तिच्या घरचं मिठागर होतं पूर्वी, आता थोडी खारजमीन आणि खाडी एवढंच उरलेलं. रोज एस.टी.च्या लाल गाडीने यायची, लॅबमध्ये माझ्या शेजारी बसायची, आणि डिसेक्शनला तिच्यासारखा हात सबंध कॉलेजात कुणाचा नव्हता. बोलायची मात्र कमी. बोलली की "आमी", "नाय", "हाय" असंच यायचं तोंडात, आणि वर्गातली दोन मुलं हळूच नक्कल करायची.

ती म्हणाली, "मी निवट्या घेते."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर टुणटुण उड्या मारत चालणारा तो बोटभर मासा. डोळे डोक्यावर, पाण्याबाहेरही राहतो. पहिल्या वर्षाला असताना तिने स्टीलच्या डब्यात दोन जिवंत निवट्या आणल्या होत्या सरांना दाखवायला. सबंध लॅब त्या डब्याभोवती गोळा झाली होती. तेव्हा विषय तिचाच, हे सांगायला नको.

आता मी काय केलं ते सांगते. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत खाडीवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना बोलवावं ही माझीच कल्पना. डिसेंबरमध्येच मी सरांकडून पत्ता घेऊन त्यांना पत्र टाकलं होतं आणि त्यांचं उत्तरही आलं होतं. शेवटच्या शनिवारी येईन, सकाळी पेपर ऐकेन, मग खाडीवर जाऊ, अडीचला मला निघावं लागेल. आणि खाली एक ओळ. जूनपासून खाडीच्या पाहणीसाठी एक मदतनीस हवी आहे, तुमच्यातलं कुणी असेल तर बघेन. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! एक जागा. मुंबई. मावशीचं घर. अकोला रद्द.

मी फळ्यावर शेवटच्या शनिवारपुढे लिहिलं, "निवट्या". आणि त्यापुढे माझं नाव.

"अगं, तू पहिला शनिवार घे ना," मी तिला म्हटलं, "पाण्याचा खारेपणा. छोटं आहे, एकदा होऊन गेलं की सुटलीस. शेवटी पाहुण्या असणार, इंग्रजी बोलावं लागेल, उगाच तुझ्या डोक्याला ताप."

किती काळजी होती मला तिची, बघा! माझं मलाच खरं वाटत होतं ते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

तारखा लिहून झाल्या. मागे भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. ती उठली, त्याच्यापाशी गेली, पानं उलटून शेवटच्या शनिवारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्या दिवशी अवस हाय."

"मग?" मी विचारलं.

"अवस हाय. खाडीवर जायला तो दिवस बरोबर नाय."

झालं! मला तर काय, ऊतच आला. शनिवार आणि त्यात अमावस्या! मी खडू नाचवत म्हटलं, "अगं बाई, आपण सायन्सचे विद्यार्थी. आपण अवस-पुनव बघून खाडीवर जायचं? लिंबू-मिरचीही घेऊ का बरोबर?" वर्ग हसून हसून लोळला. नक्कल करणारा एकजण म्हणाला, "नारळ पन फोडू!" मागच्या बाकावर सरही हसले. ते पुण्याचे. ती एकटी हसली नाही. तिने आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मी तेवढ्यात कागद तिच्यापुढे सरकवला होता, पेनही काढून दिलं होतं. सहा सह्या झालेल्या. "कर गं, तास संपतोय." तिने सही केली.

सात शनिवार भराभर गेले. तिने पहिल्या शनिवारी खारेपणावर वीस मिनिटं मान खाली घालून कागद वाचला. मी माझ्या निवट्यांवर दोन महिने राबले. ग्रंथालयातली तिन्ही पुस्तकं उपसली. कार्डशीटवर बिळाचा उभा छेद काढला, रंगवला. तिला मात्र एक अवाक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर विषय कुणाचा, हे मलाच आठवलं असतं ना.

शेवटच्या शनिवारी बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी सँडल. मी साडेदहाला उभी राहिले आणि पाऊण तास फाडफाड बोलले. भरतीच्या वेळी सगळ्या निवट्या बिळात शिरतात आणि बिळाचं तोंड चिखलाने बंद करून घेतात, हे मी दोनदा सांगितलं, कार्डशीटवर पट्टी ठेवून. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, जिंकलं.

मग तीन रिक्षा करून आम्ही खाडीच्या बांधावर गेलो. पोचलो तेव्हा बारा वाजले होते. मी सगळ्यांच्या पुढे, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कार्डशीट, बांध चढून वर गेले आणि जागच्या जागी थांबले.

चिखल नव्हताच. समोर सगळं पाणी. तिवरांचे नुसते शेंडे वर, बाकी झाडं पाण्यात बुडालेली. बांधाच्या वरच्या दगडांपासून हातभर खाली पाणी डुचमळत होतं. बिळं, निवट्या, चिंबोऱ्या म्हणजे ते मोठे खेकडे, मी नकाशात खुणा करून ठेवलेल्या त्या पाच जागा, सगळं पाण्याखाली. मार्चचं ऊन डोक्यावर आणि माझ्या हातात रंगवलेल्या बिळाचं चित्र. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाईंनी पाण्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "भरतीची वेळ कुणी पाहिली होती?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. "आज अमावस्या. उधाणाची भरती असणार."

मी एका क्षणात म्हटलं, "आराखडा आम्ही सगळ्यांनी मिळून केला, मॅडम. सातही जणांच्या सह्या आहेत."

बघा, माझी जीभ किती तयार! सर माझ्याकडे बघत होते. मग मान वळवून ते हळूच म्हणाले, "मीही हसलो होतो." ते कुणाला म्हणाले, माहीत नाही. पण ऐकलं मी.

एवढ्यात बांधाच्या उतारावरून तिचा आवाज आला. "बाई, हिकडं बगा."

ती दगडांवर उकिडवी बसली होती. पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या दगडांच्या खाचांत, पाण्याबाहेर आलेल्या तिवरांच्या फांद्यांवर, निवट्या बसल्या होत्या. एक नाही, दहा-बारा तरी. डोळे वर करून, शेपटी पाण्यात सोडून. बाई साडी खोचून तिच्याशेजारी दगडावर बसल्या.

"ह्या बिळात का नाही गेल्या?" बाईंनी विचारलं.

"मोठ्या निवट्या जातात बिळात. ही दुसरी जात. ही पाणी चढलं की वर येते. दगडावर नायतर तिवरावर. पाणी उतरलं की परत खाली." मग माझ्याकडे नजर न टाकता तिने वाक्य पुरं केलं, "पुस्तकात एकाच जातीचं लिवलेलं असंल."

चाळीस मिनिटं त्या दोघी तिथे बसल्या होत्या. बाई मराठीतच विचारत होत्या आणि ती जी बोलत होती, मी तीन वर्षांत तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. कुठली निवटी कुठल्या महिन्यात अंडी घालते, कुठल्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि कुठल्यात मांडीपर्यंत, बांधाची उघाडी, म्हणजे ते पाणी सोडायचं दार, उघडलं की आत काय काय येतं. मी बांधावर कार्डशीट धरून उभी. वाऱ्याने ते फडफडत होतं. गुंडाळायचंही सुचेना.

बाईंनी विचारलं, "पाणी आज कधी उतरेल?"

"तिथीची पाऊणपट करायची, बाई. अवस म्हंजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तवा दर्याला भरती. आमच्या खाडीत पाणी पोचायला आणखी अर्धा-पाऊण तास. म्हंजे बारा. मंग सहा तास उतरनार. चिखल बगायचा तर चार वाजता यायचं."

"हे गावात कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. पोरासोरांना पन."

बाई तिच्याकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "मग तू आधी सांगितलं का नाहीस?"

 आता सांगणार. सांगूच दे, असंही वाटलं मला, एकदाचं होऊन जाऊ दे. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, तो नक्कल करणारासुद्धा. ती उठली, हात ओढणीला पुसले आणि म्हणाली, "सही मी पन केलती, बाई."

बस्स. एवढंच. अडीचला बाईंना स्टेशनवर सोडायला सर गेले, आणि जाताना बाईंनी तिला बाजूला घेऊन दोन मिनिटं काही विचारलं. मी तिथून दहा पावलांवर होते, पण ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी लागली, कॉलेज बंद.

बुधवारी दुपारी पोस्टमनने पत्र टाकलं. लिफाफ्यावर माझं नाव, माझा पत्ता. मी जिन्यातच फोडलं. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं ते सांगायची लाज वाटते. बांधावर एवढं सगळं होऊनही मला वाटलं होतं, पत्र माझ्यासाठी आहे.

बाईंनी लिहिलं होतं की त्यांना माझ्या मैत्रिणीला जूनपासून कामावर घ्यायचं आहे. येत्या सोमवारी अकरा वाजता सगळे दाखले घेऊन तिने संस्थेत भेटावं, त्याच दिवशी नाव पाठवायचं आहे, नंतर काही करता येणार नाही. आणि पुढे हे: "तिच्या गावी टपाल उशिरा पोचतं म्हणून तिनेच तुमच्या पत्त्यावर लिहायला सांगितलं. तुमच्याकडे आलेलं पत्र त्याच दिवशी आपल्याला मिळेल, असं ती म्हणाली."

लाल गाडीने तिचं गाव पाऊण तास. बुधवारी दुपारी तीनची गाडी मला सहज मिळाली असती.

मी नाही गेले. अभ्यास आहे, उद्या जाऊ. गुरुवारी ऊन फार आहे. शुक्रवारी माझ्या मनात दुसरंच सुरू झालं. तिच्या घरचे मुंबईला पाठवतील का तिला? नाहीच पाठवणार. मग जागा वाया जाणार. मग एखाद्याने बाईंना तसं कळवलं तर त्यात चूक काय? शुक्रवारी रात्रभर कूस बदलत होते. शनिवारी सकाळी मी टेबलाशी बसून पत्र लिहिलं. "तिच्या घरून परवानगी मिळण्याची शक्यता दिसत नाही. आपली हरकत नसल्यास मी सोमवारी..." सुंदर अक्षरात लिहिलं, लिफाफा चिकटवला, तिकीट लावलं. एस.टी. स्टँडजवळच्या पेटीपर्यंत गेले. पेटीच्या तोंडात घालून पुन्हा काढलं. स्टँडला एक फेरी मारली. पुन्हा पेटीपाशी आले. समोरचा रसवाला बघायला लागला. मी त्याच्याकडे जाऊन उसाचा रस प्यायले, तहान नव्हती तरी. मग घरी आले, लिफाफा तसाच पर्समध्ये. दोन लिफाफे झाले पर्समध्ये, एक तिचा आणि एक माझा. त्या पर्सला हात लावायची भीती वाटायला लागली होती मला.

रविवारी सकाळी आई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी होती. कसला तरी हिशेब करत ती स्वतःशीच म्हणाली, "आज अष्टमी."

आणि माझं डोकं आपोआप चालू झालं. मी मुद्दाम नाही केलं, शप्पथ. आठाची पाऊणपट सहा. सहाला दर्याला भरती, खाडीत पावणेसातला. मग पाणी उतरणार. पाऊण-एक वाजता सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. म्हणजे माझी मैत्रीण दोनपर्यंत चिखलात असणार, तीनच्या आत घरी. मी भाजी निवडत होते, ती तशीच हातात राहिली. हिचा दिवस कसा जातो ते मला आता कळत होतं, आणि ज्या गोष्टीने कळत होतं ती तिने सांगितलेली होती. मला तिथल्या तिथे रडू फुटलं. आई घाबरली. "काय झालं गं?" मी म्हटलं, "आई, मी फार नीच आहे." आई म्हणाली, "परीक्षेच्या वेळी तुझं दरवर्षी असंच होतं." मी माझा लिफाफा चुलीत टाकला असता, पण आमच्याकडे गॅस होता. फाडून मोरीत टाकला, वर दोन तांबे पाणी ओतलं, आणि दीडची गाडी पकडली.

फाट्यावर उतरून दहा मिनिटं चालायचं. तिच्या घराच्या ओटीवर तिची आई जाळं विणत बसली होती. "बस गो बाय, ती येल आता," म्हणाली आणि पाणी दिलं. मला बसवेना. मी ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले. तिची आई म्हणाली, "गाडी लागली का तुला?"

बरोबर तीनच्या आत ती आली. गुडघ्याच्या वर चिखल, हातांना कोपरापर्यंत चिखल, कमरेवर टोपली, टोपलीत चिंबोऱ्या खडखडत होत्या. मला बघून ती अंगणातच थांबली. मी पत्र पुढे केलं. तिने स्वतःचे हात बघितले.

"चिखल हाय. तूच वाच."

मी वाचायला लागले. तारीख आधी आली, सोमवारची, मागच्या सोमवारची. मग कामाचं, जूनचं, दाखल्यांचं. आणि मग ती ओळ आली. मी गाळू शकत होते. तिला काय कळलं असतं? आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणारी मी, त्या एका वाक्यावर अशी अडखळले की पुढचा शब्दच फुटेना. "तुमच्याकडे आलेलं पत्र..." एवढं म्हटलं आणि थांबले. ती वाट बघत उभी होती. तिने माझं वाक्य पुरं केलं नाही. कुणाचंच ती करत नसे. शेवटी मीच म्हटलं, "त्याच दिवशी आपल्याला मिळेल, असं ती म्हणाली."

ती सोमवारी गेली आणि जागा तिला मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, कारण धीर मला आजही नाही. मी अकोल्याला गेले, आत्याच्या दोन स्थळांतलं एक झालं, संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण तो रविवार सांगायचा राहिलाय.

"बुधवारी आलं होतं," मी म्हटलं. "मी चार दिवस ठेवून घेतलं. मला ती जागा हवी होती."

तिने टोपली खाली ठेवली, विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. आत दहावी-बारावीचे दाखले, मार्कशीटच्या झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, आणि वर इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस घडी घालून ठेवलेला.

"हे कधी भरलंस?" मी विचारलं.

"बुधवारी. बाई बोललेल्या ना, सोमवारी टाकते, बुधवारी भेटंल. बुधवारपासून रोज तीनच्या गाडीला फाट्यावर जाऊन उभी राहायची मी." तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी केली आणि पिशवीत ठेवलं. "आज नव्हते जानार. म्हटलं, आता काय ती येत नाय. चिंबोऱ्या तरी मिळतील."